आम्ही म्हणजे कोण?

पहिला अग्रलेख लिहिला तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि माझी अक्कल त्याहून बरीच लहान होती. १९८२चा जानेवारी. १८ तारखेपासून मुंबईतल्या कापड गिरण्या बंद पडल्या होत्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर, आणि जिथे जावं तिथे संपाचे पुढारी दत्ता सामंत यांचं नाव. पुण्यातल्या एका मध्यम खपाच्या दैनिकात मी नऊ महिन्यांचा उपसंपादक होतो. रोजचा अग्रलेख लिहिणारे गृहस्थ तापाने आडवे झालेले. संपादक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, दारात उभे राहून म्हणाले, "तू लिही. साडेसातला कंपोझला गेला पाहिजे."

लिहिला. कोऱ्या न्यूजप्रिंटच्या अर्ध्या तावांवर, अकरा पानं. अण्णांनी लाल पेन्सिल उघडली आणि दुसऱ्याच ओळीत थांबले. 'या संपाबाबत मला असे वाटते की' अशी ती ओळ होती. त्यांनी 'मला'भोवती गोल केला.

"हा कोण?"

"मी, अण्णा."

"तुला कोणी विचारलंय?"

मग त्यांनीच 'मला' खोडून वर 'आम्हांस' लिहिलं आणि म्हणाले, "आजपासून तू बहुवचनी." अकराची सहा पानं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो अग्रलेख चार वेळा वाचला. त्यातली निम्मी वाक्यं माझी नव्हती आणि उरलेल्या निम्म्यांखाली माझं नाव नव्हतं. तरी छाती फुगली होती.

तिथून पुढे तेहेतीस वर्षं मी 'आम्ही' होतो.

या नोकरीबद्दल घरी समजावून सांगणं अवघड. कराडहून आई आली की शेजारच्या बायका विचारायच्या, मुलगा काय करतो? पेपरात आहे. बातम्या आणतो? नाही. फोटो काढतो? नाही. मग? आईने मला विचारलं, तर मी म्हटलं, "अगं, मत देतो." ती म्हणाली, "मत तर आम्हीपण देतो. पाच वर्षांनी एकदा. त्याचा कुणी पगार देत नाही."

तिचं खरं होतं. वार्ताहर उन्हातान्हात हिंडायचे, डेस्कवरचे लोक रात्री दोनपर्यंत पानं लावायचे, आणि आम्ही दोघंतिघं मागच्या खोलीत पंख्याखाली बसून देशाचं काय चुकतंय ते ठरवायचो. सकाळी अकराला सगळी वर्तमानपत्रं. साडेतीनला बैठक, म्हणजे अण्णांच्या टेबलाभोवती चहा. विषय ठरला की संदर्भ विभागातून कात्रणांचं पाकीट आणायचं. पाचला लिहायला बसायचं, साडेसातला उठायचं. साडेआठला प्रूफ. अग्रलेख साडेआठशे शब्दांचा, त्याखाली एक स्फुट. जागा ठरलेली असायची, त्या विषयात आपल्याला किती कळतं ते मात्र कधीच ठरलेलं नसायचं. सोमवारी ऊसदर, मंगळवारी पॅलेस्टाइन, बुधवारी दहावीचा निकाल. विषय काहीही असो, साडेसातला आमची खात्री पटलेली असायची.

अण्णांनी काही वाक्यांवर बंदी घातली होती. 'सरकारने याचा गांभीर्याने विचार करावा' हे त्यातलं पहिलं. 'याचे उत्तर येणारा काळच देईल' असं जो लिहील त्याने अख्ख्या विभागाला चहा पाजायचा. पहिल्या वर्षात माझे बरेच पैसे त्यात गेले. अण्णांचं म्हणणं, काळच उत्तर देणार असेल तर तुला पगार कशाला?

त्यांनीच मला 'केसरी'च्या जुन्या फायली वाचायला पाठवलं. गडी इतिहास शिकायला गेला आणि सर्वनामं मोजत बसला, अशी माझी गत झाली. ६ जुलै १८९७चा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' शाळेपासून ऐकलेला होता. मराठीतल्या प्रत्येक अग्रलेखवाल्याने आयुष्यात एकदा तरी ते प्रश्नचिन्ह उसनं घेतलेलं आहे, मीसुद्धा. पण बहुतेकांना वाटतं की टिळकांना त्याच अग्रलेखासाठी तुरुंगात टाकलं. तसं नाही. त्या वर्षीचा राजद्रोहाचा खटला चालला तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, शिवाजी उत्सवाच्या वृत्तान्तावर आणि 'शिवाजीचे उद्गार' या कवितेवर. शिक्षा दीड वर्षाची. अग्रलेखांसाठी शिक्षा झाली ती १९०८ साली, 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन लेखांबद्दल. सहा वर्षं, मंडाले. लेखाखाली नाव नसतं, पण कोठडीत मात्र एकवचनी माणूस जातो, हे त्या फायलींनी मला शिकवलं. आजही वर्तमानपत्राच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात ओळ असते: अंकातल्या मजकुरास कायद्यानुसार जबाबदार अमुक अमुक. अख्ख्या अंकात कुणी न वाचणारी ती ओळ माझ्या मते सर्वांत प्रामाणिक.

आणि आगरकर. 'केसरी'चे पहिले संपादक तेच. १८८१मध्ये सुरुवात, १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. इतके जवळचे दोघे. पण समाजसुधारणेचा प्रश्न आला आणि 'केसरी'तल्या त्या एका 'आम्ही'त दोघं मावेनात. १८८७ला आगरकर बाहेर पडले, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. लोक याला मतभेद म्हणतात. धंद्यातला माणूस म्हणून मला ते सर्वनामाचं भांडण वाटतं. रोज ज्या शब्दाआड उभं राहायचं त्यात आपण नाही, हे कळल्यावर माणूस किती दिवस तिथे काढणार? पुढे १९२०मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा तर प्रश्नच मुळातून बदलला. ज्यांना कुठल्याच 'आम्ही'त कुणी धरलं नव्हतं त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी वेगळा 'आम्ही' उभा केला, आणि नंतर 'बहिष्कृत भारता'त रकानेच्या रकाने एकट्याने लिहून काढले. त्यांच्या हाताशी ना पंखा, ना कात्रणांचं पाकीट.

हे सगळं तेव्हा वाचलं, वहीत उतरवलं आणि विसरलो. नोकरी चालू होती.

२१ मे १९९१ची रात्र सांगतो. लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा आदल्याच दिवशी झालेला. माझा अग्रलेख निवडणुकीवर होता आणि त्यात राजीव गांधींच्या प्रचारावर चार-सहा ओळी चांगल्याच तिखट होत्या. मी त्या ओळींवर खूश होतो. पान साडेआठला लागलं, दहाला डाक आवृत्ती सुटली. टेंपो सातारा-सांगलीच्या वाटेला लागला. मी घरी जेवून हात धुतोय तोवर ऑफिसचा माणूस सायकलवरून दारात. श्रीपेरुंबुदूर हे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

ऑफिसात पोचलो तर टेलिप्रिंटरजवळ गर्दी, आणि एरवी एवढ्या गर्दीत जो कल्ला असतो तो अजिबात नाही. फोरमनने संपादकीय पानावरून माझ्या अग्रलेखाचा ब्रोमाइड, म्हणजे पानावर चिकटवलेला मजकुराचा कागद, नखाने सोलून काढला आणि हातात दिला. "पस्तीस मिनिटं आहेत," म्हणाला. मी उभ्याउभ्या, पेस्टिंगच्या टेबलावर लिहिलं. प्रत्येक चिठोरं हातातून ओढून नेलं जात होतं, त्यामुळे मागच्या पानावर आपण काय लिहिलं ते बघायची सोय नव्हती. शहर आवृत्तीत तो गेला. बरा होता असं लोक म्हणाले.

पण डाक आवृत्ती निघून गेलेली होती. खटाव-माणच्या, तासगावच्या लोकांनी सकाळी रेडिओवर बातमी ऐकली, आणि थोड्या वेळाने एसटी स्टँडवर आमचा अंक घेतला. त्यात राजीव गांधी गेल्याची बातमी नव्हती. आम्ही त्यांना खडसावत होतो. त्या सकाळी तो पेपर हातात धरलेला एक माणूस मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही.

मालकांचा फोन हा वेगळाच प्रकार. तो कधी थेट मला यायचा नाही. अण्णांना यायचा, आणि अण्णांच्या चष्म्यावरून मला कळायचं. एका साखर कारखान्याच्या निवडणुकीवर मी पुराव्यानिशी लिहिलं होतं. संध्याकाळी सहाला जाहिरात विभागातला एक गृहस्थ उगाच आमच्या खोलीत येऊन पंख्याकडे बघून गेला. सव्वासहाला फोन. अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परदेशाचं काही आहे का रे?" होतं. एका दूरच्या देशातल्या लष्करशहाला आम्ही त्या रात्री असा काही झोडपला की विचारू नका. ज्या देशाकडून जाहिरात येत नाही त्याच्याशी बोलताना आमची लेखणी तळपायची. तो कारखान्याचा अग्रलेख मी बरेच दिवस ड्रॉवरमध्ये जपला होता. नंतर वाचला तर तोही फारसा धीट नव्हता.

आता किल्लारीचं.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. पुण्याची मिरवणूक नेहमीसारखी दुसऱ्या दिवसावर गेलेली. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. मी पलंगावर उठून बसलो; बायको म्हणाली, ढोलताशाची असेल. मीही तेच समजून झोपलो. लातूर-उस्मानाबादकडे गणपती बोळवून थकून झोपलेली गावंच्या गावं तोवर ढिगाऱ्याखाली गेली होती. माणसं गेली ती आठ हजारांच्या आसपास.

त्या संध्याकाळी अग्रलेख मी लिहिला. शोक होता, मदतीचं आवाहन होतं, सरकारला कानपिचक्या होत्या. आणि मधल्या परिच्छेदात शहाणपण होतं. भूकंप मध्यम होता, माणसं मारली ती घरांनी. दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीची माळवदं, अशा जुनाट पद्धतीने लोक अजून घरे बांधतात हे आम्ही खेदाने नमूद करतो, वगैरे. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोटं काही नव्हतं. सगळे तज्ज्ञ पुढे तेच म्हणाले.

दहा-बारा दिवसांनी एक आंतर्देशीय पत्र आलं. औसा तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक. अक्षर फळ्यावरच्यासारखं, ठळक. पहिलंच वाक्य होतं: 'आपल्या अग्रलेखातील आम्ही म्हणजे कोण? त्यात आम्ही नाही, एवढे समजले.'

पुढे त्यांनी मला माळवद शिकवलं होतं. लाकडी तुळया, त्यावर किलचं म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, त्यावर पांढरी माती. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर आणखी माती घालतात. आज्याने घातली, बापाने घातली, मी घातली. थर वाढत जातो. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना आत तान्हं मूल झोपतं ते त्या थरामुळे. पत्र्याखाली झोपून बघा. सिमेंट परवडत असतं तर आम्हालाही कळतं. आणि शेवटी: गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस जमीन हलत होती, आतून आवाज येत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. तेव्हा आपला अग्रलेख कुठे होता?

मी संदर्भ विभागात गेलो. १९९२चं पाकीट काढलं. पाचव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, एका बियाण्यांच्या जाहिरातीशेजारी सहा ओळी: किल्लारी परिसरात सौम्य धक्के, घबराटीचे कारण नाही. सरकारी नकाशावर तो भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. नकाशा सांगत होता म्हणून आम्हीही सांगितलं, घबराटीचं कारण नाही.

डिसेंबरात रजा टाकून गेलो. ऑफिसच्या खर्चाने नाही. अग्रलेख लिहिणाऱ्याला प्रवासखर्च द्यायची पद्धत नव्हती, त्याचं काम बसून व्हायचं. एक भिंत अर्धी उभी होती. आडवी कापल्यासारखी दिसत होती. बाहेरून दगडांची एक ओळ, आतून दुसरी, मध्ये खडी आणि माती कोंबलेली. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा लांब दगड कुठेच नाही. जाडी माझ्या हाताने मोजली, बोटांच्या टोकापासून कोपराच्या बरंच वर. एवढी भक्कम भिंत बघून कुणालाही वाटावं की हिला काय होणार. शेजारी पत्र्याच्या शेडबाहेर एक आजी तूर निवडत बसल्या होत्या. मी कोण, कुठला विचारलं. पेपरात लिहितो म्हटलं. "मग लिहा," म्हणाल्या आणि तूर निवडत राहिल्या. ते शिक्षक भेटले नाहीत. त्यांचं पत्र आम्ही वाचकांच्या पत्रव्यवहारात छापलं होतं, जागेअभावी काटछाट करून. पहिलं वाक्य कापलं गेलं होतं. कापणारा मीच होतो.

परतीच्या एसटीत एक गोष्ट डोक्यात बसली ती गेली नाही. मराठीला दोन बहुवचनं आहेत. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी माणसं, ऐकणारा सोडून. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट सगळे. गुजरातीत अशी सोय आहे. प्रमाण हिंदीतल्या 'हम'ला बिचाऱ्याला दोन्ही कामं करावी लागतात. आमच्या भाषेने हा भेद चिमूटभर मुलालाही शिकवलेला असतो. 'आम्ही खेळतोय' म्हटलं की नवीन आलेलं पोरगं समजतं, आपल्याला घेतलेलं नाही. आणि मी अकरा वर्षं वाचकाला रोज सकाळी दारात उभं करून 'आम्ही खेळतोय' सांगत होतो.

म्हणून मी लगेच 'आपण' लिहायला लागलो असं नाही. अण्णा निवृत्त होईपर्यंत शक्यच नव्हतं. शिवाय 'आपण'ची स्वतःची लबाडी असते. 'आपण सर्वच दोषी आहोत' असं लिहिलं की कुणीच दोषी राहत नाही. कंत्राटदारही सुटतो आणि मंत्रीही. त्या वाक्यावर मी स्वतः बंदी घातली, चहाच्या दंडासकट. थकलेलं पाणी बिल आणि फुटलेलं धरण यांत 'आपण' एकाच मापाचा नसतो. शिक्षकांना हे माहीत होतं. त्यांनी मला 'आम्हाला तुमच्यात घ्या' म्हटलंच नव्हतं, तुम्ही कोण एवढंच विचारलं होतं.

ड्रॉवरमध्ये मृत्युलेख तयार असायचे. ऐकायला वाईट वाटतं, पण प्रत्येक दैनिकात असतात. थोर माणूस आजारी पडला की फाइल वर यायची, बरा झाला की खाली जायची. पु. ल. देशपांड्यांची फाइल बरीच वर्षं वर-खाली झाली. १२ जून २०००ला ते गेले तेव्हा मी तयार लेख काढला. नऊशे शब्द, निर्दोष. त्यात पुलंची सगळी खाती होती: नाटक, संगीत, रेडिओ, दातृत्व. वाचताना जाणवलं की हे लिहिणारा माणूस एकदाही हसलेला नाही. फाडला. नवा लिहायला साडेनऊ वाजले, फोरमनने शिव्या घातल्या. टिळकांना आगरकरांवरचा मृत्युलेख लेखनिकाला सांगताना नेहमीपेक्षा फार वेळ लागला, असं सांगतात. १७ जून १८९५ला आगरकर गेले, वय ३८. ज्याच्याशी वर्षानुवर्षं छापील भांडण केलं त्याच्यावर लिहायचं, तेही 'आम्ही' होऊन. ते ड्रॉवरमध्ये तयार असणं शक्य नव्हतं.

२०१५ साली निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी एका मोठ्या मराठी दैनिकाने छापलेला अग्रलेख मागे घेतल्याचं वाचलं. अग्रलेख चुकतो, गाजतो, रद्दीत जातो, एवढं मला माहीत होतं. तो परतही घेता येतो हे नवीन होतं. दर ६ जानेवारीला 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या आठवणीने पत्रकार दिन होतो आणि कुणीतरी शाल-श्रीफळ देतं. सात शाली झाल्या. त्यातल्या तीन एकाच रंगाच्या.

हल्ली माझं लेखन सोसायटीपुरतं आहे. परवा सेक्रेटरी आले. टाकी साफ करायची आहे, रविवारी पाणी बंद, एक नोटीस लिहून द्या सर. मी लिहिली. छोटीच, चार ओळी. 'येत्या रविवारी आपण इमारतीची पाण्याची टाकी साफ करणार आहोत.'

सेक्रेटरींनी लिफ्टजवळ उभं राहून वाचली. बॉलपेन काढलं.

"सर, हे 'आपण' नको. लोक म्हणतील, आम्हालापण टाकीत उतरायला लावतात की काय. 'आम्ही' करतो."

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

"कुणीही असू दे हो," ते म्हणाले, आणि खोडून वर लिहिलं. खाली सही त्यांची.